तीन नावांचे एक जहाज



बोनस, वेतनमंडळे आणि कंत्राटी कामगार ह्यांवर बोलण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाने चैनीच्या एका जहाजावर व्याख्यान द्यावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु ज्याने जहाज नुसते लांबून पाहिले त्यालाच ते चैनीचे वाटते. जहाज कोणीतरी बांधतो, कोणीतरी त्याच्या पोटात उभा राहून ते चालवतो, आणि ते म्हातारे झाले म्हणजे कोणीतरी ते मोडतो. ह्या तिन्ही हातांची हकीकत एकत्र सांगितल्याशिवाय जहाजाचा इतिहास पुरा होत नाही. प्रवाशांची वर्णने आणि छायाचित्रे पुष्कळ आहेत. ह्या हातांची हकीकत मात्र जुळवून घ्यावी लागते.

आम्ही ज्या जहाजाविषयी बोलणार आहोत ते १९६० साली फ्रान्समध्ये पाण्यात उतरले, आणि २००८ च्या अखेरीस गुजरातच्या किनाऱ्यावर मोडून संपले. ह्या अठ्ठेचाळीस वर्षांत त्याची तीन नावे झाली : ‘फ्रान्स’, ‘नॉर्वे’ आणि ‘ब्ल्यू लेडी’. कामगार-चळवळीत नव्या कार्यकर्त्याला पहिला धडा असा देतात की, गाऱ्हाणे घेऊन निघण्यापूर्वी मालक कोण ते शोधून काढ. आज आम्ही ह्या जहाजाच्या प्रत्येक जन्मी तोच प्रश्न विचारीत जाणार आहोत. मालक कोण?

बांधणी

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ल्वार नदी समुद्राला मिळते तेथे सँ-नाझेर नावाचे बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तेथे पाणबुड्यांचा तळ केला, आणि दोस्तांच्या बाँबफेकीत गाव जवळजवळ सपाट झाले. युद्धानंतर गाव आणि गोदी दोन्ही नव्याने उभी राहिली. गावाचा चरितार्थ गोदीवर चाले. हे कामगार मुकाट्याने काम करणाऱ्यांपैकी नव्हते. १९५५ च्या उन्हाळ्यात त्यांनी मोठा संप केला, पोलिसांशी चकमकी झाल्या, आणि शेवटी २२ टक्क्यांची पगारवाढ पदरात पडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५७ साली, ह्याच हातांनी आमच्या जहाजाचा तळाचा कणा मांडला.

जहाज मागवणारी कंपनी म्हणजे फ्रान्स आणि अमेरिका ह्यांच्यामध्ये प्रवासी वाहतूक करणारी ‘कोंपान्यी जेनेराल त्रान्सात्लांतीक’. लोक तिला नुसते फ्रेंच लाईन म्हणत. तिच्या भांडवलाचा मोठा वाटा फ्रेंच सरकारचा होता. कंपनीची दोन मोठी जहाजे, ‘ईल द फ्रान्स’ आणि ‘लिबेर्ते’, म्हातारी झाली होती. त्यांच्या जागी दोन मध्यम जहाजे बांधावी की एकच मोठे, ह्यावर बरीच चर्चा झाली आणि एकाच मोठ्या जहाजाच्या बाजूने कौल पडला. त्याला नाव देण्यात आले देशाचेच.

आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. जहाजाची लांबी ३१५ मीटर. मुंबईची पंधरा डब्यांची लोकलगाडी साधारण तेवढीच भरते. टनभार ६६ हजारांवर. आठ बॉयलरांत तेल जाळून वाफ करायची, त्या वाफेवर टर्बाइने फिरायची, आणि चार पंखे जहाजाला ताशी ३० सागरी मैलांहून अधिक वेगाने ढकलायचे. चार दशकांहून अधिक काळ जगात ह्याहून लांब प्रवासी जहाज झाले नाही. २००३ साली ‘क्वीन मेरी २’ पुरे झाले तेव्हा हा मान गेला, आणि तेही सँ-नाझेरच्याच गोदीत बांधले गेले. म्हणजे त्या गावाचा विक्रम त्याच गावाने मोडला.

जुन्या जहाजांचे पत्रे रिव्हेट मारून जोडीत. हे जहाज वेल्डिंगने सांधले गेले. मोठमोठे भाग आधी जमिनीवर तयार करावयाचे आणि मग उचलून जागेवर बसवावयाचे, अशी ही नवी पद्धत होती. ११ मे १९६० रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल ह्यांच्या समक्ष त्यांच्या पत्नीच्या हस्ते जहाजाचे नामकरण झाले, आणि ते सांगाड्यासह उतरणीवरून पाण्यात गेले. धुराडी, खोल्या, सामानसुमान हे सगळे नंतर. त्या दिवशी जमलेल्यांत ज्यांनी हे जहाज बांधले ते कामगार आणि त्यांची बायकामुले होती. त्यांना मालक कोण हे ठाऊक होते. तो समोर व्यासपीठावर उभा होता.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवली पाहिजे, कारण शेवटी तिच्याकडे परत यावे लागणार आहे. फ्रेंच जहाजांना आगीचा जणू शापच होता. १९३२ साली ‘जॉर्ज फिलिपार’ हे नवेकोरे जहाज पहिल्याच सफरीवरून परतताना एडनच्या आखातात जळाले आणि पन्नासांवर माणसे गेली. १९३३ साली ‘लात्लांतीक’ जळाले. सँ-नाझेरचा अभिमान असलेले ‘नॉर्मंडी’ १९४२ साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर पेटले आणि कलंडले. म्हणून ‘फ्रान्स’ बांधताना लाकडाला जवळजवळ मज्जाव करण्यात आला. सामान अॅल्युमिनियमचे आणि न पेटणाऱ्या कृत्रिम पदार्थांचे, आणि भिंती, पडद्या, छते, वाफेच्या नळांची वेष्टने ह्यांत ठिकठिकाणी अॅसबेस्टॉस. प्रवाशांचा जीव सुरक्षित राहावा म्हणून ही काळजी होती, आणि तो हेतू चांगला होता ह्यात शंका नाही. परंतु अॅसबेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते फुप्फुसात जातात, तेथेच रुततात, आणि वीस-तीस वर्षांनी माणसाला धाप लावून किंवा कर्करोगाने मारतात. फ्रान्सने १ जानेवारी १९९७ पासून अॅसबेस्टॉसवर बंदी घातली. तोवर सँ-नाझेरच्या गोदीतील कितीतरी म्हातारे कामगार खोकू लागले होते.

वरचे मजले आणि खालचे मजले

३ फेब्रुवारी १९६२ रोजी ‘फ्रान्स’ने ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्ककडे पहिली रीतसर सफर केली. पाच दिवसांचा हा प्रवास. ह्या पाच दिवसांसाठी जहाजावर काय नव्हते ते विचारावे. पहिल्या वर्गाच्या जेवणघराचे नाव शांबोर. वर घुमट, खाली गोल दालन, आणि आत शिरण्यासाठी वरून उतरत येणारा जिना, म्हणजे आलेल्या बाईची साडी, माफ करा, तिचा झगा, सर्वांनी पाहावा अशी सोय. तेथील स्वयंपाकाची कीर्ती अशी की, पॅरिसच्या नामांकित खानावळींशी त्याची तुलना होई. दुसऱ्या वर्गाच्या जेवणघराला व्हर्साय म्हणत. ६६४ आसनांचे नाट्यगृह होते, समुद्रावर त्या वेळी त्याएवढे दुसरे नव्हते. पोहण्याचे दोन तलाव, प्रार्थनामंदिर, ग्रंथालय, रुग्णालय, मुलांचे खेळघर. श्रीमंतांच्या कुत्र्यांसाठी वरच्या मजल्यावर निराळे घर होते, आणि फ्रेंच व अमेरिकन कुत्र्यांची कुचंबणा होऊ नये म्हणून तेथे एक फ्रेंच मैलाचा दगड आणि एक न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा पाण्याचा नळखांब बसवला होता. डिसेंबर १९६२ मध्ये तर लिओनार्दोचे ‘मोनालिसा’ हे चित्र अमेरिकेतील प्रदर्शनासाठी ह्याच जहाजाने गेले.

हे सर्व ऐकून आपल्याला वाटेल की जहाजभर सरदारच बसले होते. तसे नव्हते. सुमारे दोन हजार प्रवाशांपैकी पहिल्या वर्गात साधारण चारशे, बाकी सोळाशे टूरिस्ट वर्गात. त्यांत शिक्षक होते, विद्यार्थी होते, अमेरिकेतील नातेवाइकांकडे निघालेली कुटुंबे होती. त्यांच्याही वाट्याला जेवण उत्तम येई.

आणि ह्या दोन हजारांच्या दिमतीला सुमारे अकराशे खलाशी, आचारी, वाढपी, धोबी आणि बॉयलरवाले. दोन प्रवाशांमागे एक माणूस. वर शांबोरमध्ये वाद्ये वाजत असता खाली आठ बॉयलरांपुढे माणसे घामाने निथळत होती. पण ह्या खालच्या माणसांची स्थिती आम्ही दीनवाणी रंगवणार नाही, कारण ती तशी नव्हती. ते फ्रेंच नागरिक होते, फ्रेंच कायद्याखाली नोकरीत होते, त्यांना निवृत्तिवेतन होते, आणि त्यांची संघटना जबरदस्त होती. गंमत अशी की, कंपनीच्या नावाची आद्याक्षरे सी. जी. टी. आणि फ्रान्सच्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या कामगार-महासंघाची आद्याक्षरेही सी. जी. टी. एकाच जहाजावर दोन सी. जी. टी. होत्या, एक वर आणि एक खाली, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नीट ठाऊक होता.

सप्टेंबर १९७४

जहाज पाण्यात उतरण्यापूर्वीच त्याचा वैरी आकाशात उडू लागला होता. ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानांची अटलांटिकपार नियमित वाहतूक सुरू झाली. पाच दिवसांचा प्रवास सात-आठ तासांवर आला. जहाजाने जाणारांची संख्या वर्षावर्षाला घटत गेली. कंपनीने हिवाळ्यात सहली काढून पाहिल्या. १९७२ साली आणि पुन्हा १९७४ साली जगप्रदक्षिणाही करवली. परंतु तोटा वाढत होता आणि सरकार तो भरून देत होते. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले, आणि तेल पिणाऱ्या ह्या जहाजाचे दिवस भरले. जुलै १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ आणि पंतप्रधान शिराक ह्यांच्या सरकारने मदत बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

सप्टेंबर महिन्यात, न्यूयॉर्कहून परतलेले जहाज ल हाव्रच्या तोंडाशी आले असता खलाशांनी ते ताब्यात घेतले. त्यांनी बंदराच्या मार्गातच नांगर टाकला. हजाराहून अधिक प्रवासी दुसऱ्या बोटींनी किनाऱ्यास पोचवले गेले, आणि ३१५ मीटर लांबीचे हे जहाज ल हाव्रच्या दारात आडवे होऊन बसले. जहाज चालू ठेवा आणि पगार वाढवा, ह्या त्यांच्या मागण्या होत्या. सुमारे एक महिना हा संप चालला. शेवटी हवामान आणि सरकारचा हटवादीपणा ह्यांपुढे खलाशांना माघार घ्यावी लागली.

संप हरला हे खरे. तेलाच्या त्या भावात जहाज चालवणे परवडण्यासारखे नव्हते, हेही खरे. मग ह्या संपाची आठवण आम्ही का काढतो? कारण त्या महिनाभरात खलाशांनी ज्याच्याशी भांडण मांडले तो मालक त्यांना समोर दिसत होता. तो पॅरिसमध्ये बसला होता, त्याला मते मागावी लागत होती, त्याला वर्तमानपत्रांना उत्तरे द्यावी लागत होती. सबंध देश त्या भांडणाचा साक्षी होता. पुढच्याच वर्षी मिशेल सार्दू ह्या गायकाने जहाजाच्याच तोंडी गाऱ्हाणे घालून एक गाणे गायिले आणि ते फ्रान्सभर झाले. हरलेल्या कामगारालाही आपले म्हणणे कोणाला सांगावे हे ठाऊक असणे, ही लहान गोष्ट नव्हे. ह्यापुढच्या कथेत ती आपल्याला आढळणार नाही.

जहाज बंदराच्या एका दूरच्या धक्क्याला बांधून ठेवण्यात आले. लोकांनी त्या धक्क्याचे नावच ‘विस्मृतीचा धक्का’ असे पाडले. तेथे ते पाच वर्षे उभे राहिले.

सहलीचे जहाज

१९७७ साली अक्रम ओजे नावाच्या सौदी धनिकाने ते विकत घेतले. त्याला त्याचे तरंगते हॉटेल आणि संग्रहालय करावयाचे होते. ते काही झाले नाही. १९७९ साली क्नूट क्लोस्टर ह्या नॉर्वेच्या जहाजमालकाने ते १ कोटी ८० लाख डॉलरना घेतले, आणि जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे ओढत नेऊन त्यावर त्याच्या कित्येक पट खर्च करून त्याचा कायापालट केला.

कायापालटाचे मर्म समजून घेतले पाहिजे. पूर्वी जहाज हे कोठेतरी पोचण्याचे साधन होते, म्हणून वेग महत्त्वाचा. सहलीच्या जहाजाला कोठेच पोचण्याची घाई नसते. ते शनिवारी ज्या धक्क्यावरून निघते त्याच धक्क्यावर पुढच्या शनिवारी परत येते. मग वेग कशाला? म्हणून चारांपैकी दोन पंखे काढून टाकले आणि निम्मे बॉयलर बंद केले. तेलाचा खर्च एकदम खाली आला. वाचलेल्या जागेत आणि उघड्या डेकांवर करमणुकीची साधने वाढवली : जुगारघर, दुकाने, नाचघरे, उघड्यावरचे पोहण्याचे तलाव. काचबंद सज्जांचे दोन रस्ते केले, एकाला न्यूयॉर्कच्या ‘फिफ्थ अॅव्हेन्यू’चे नाव आणि दुसऱ्याला पॅरिसच्या ‘शाँझेलिझे’चे. कॅरिबियन बेटांची बंदरे उथळ, आणि हे जहाज खोल पाण्याचे. म्हणून प्रवाशांना किनाऱ्यावर नेण्यासाठी दोन मोठ्या होड्या जहाजाच्या पुढच्या भागावरच चढवून ठेवल्या.

पहिला आणि दुसरा वर्ग हा भेद मोडला, आणि शांबोरच्या घुमटाखाली आता अमेरिकेतील कोणीही सामान्य पगारदार सुट्टीच्या आठवड्यात जेवू लागला. ही गोष्ट आम्हांला चांगलीच वाटते. चैन जर थोडी खाली झिरपत असेल तर कामगारांच्या माणसाने नाक मुरडण्याचे कारण नाही. १९८० साली ‘नॉर्वे’ ह्या नावाने ते मायामीहून सहलींवर निघाले. सहलीच्या जहाजांत ते जगात सर्वांत मोठे होते, आणि त्याचे यश पाहून इतर कंपन्यांनीही अशी प्रचंड जहाजे मागवली. आजच्या महाकाय सहल-जहाजांचे मूळ पुष्कळसे ह्या एका जुन्या जहाजात आहे. १९९० मध्ये त्यावर आणखी दोन मजले चढवले आणि टनभार ७६ हजारांवर नेला.

वर्गभेद प्रवाशांतून गेला, पण तो नाहीसा झाला नाही. तो खाली सरकला आणि देशादेशांत वाटला गेला. फ्रेंच खलाशांच्या जागी अनेक देशांतून गोळा केलेली माणसे आली. त्यांत फिलिपाइन्सची माणसे पुष्कळ होती. जहाजावरचा झेंडा प्रथम नॉर्वेचा होता, पुढे बहामा बेटांचा झाला. झेंड्याचा अर्थ नुसते कापड असा नव्हे. ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा कायदा, असा समुद्रावरचा नियम आहे. म्हणून ज्या देशाचे कर कमी, तपासणी सौम्य आणि कामगारांचे कायदे ढिले, तेथे जहाज नोंदवण्याची चाल जगभर पडली. कंपनी एका देशाची, कचेरी दुसऱ्या देशात, झेंडा तिसऱ्याचा, खलाशी दहा-वीस देशांचे, आणि भरती करणारा दलाल आणखी कोठला तरी. २००० साली मलेशियातील एका मोठ्या सहल-कंपनीने नॉर्वेची कंपनीही विकत घेतली. आता ह्या जहाजाच्या तळमजल्यावरील बॉयलरवाल्याला विचारा, तुझा मालक कोण? त्याने कोणाचे नाव सांगावे?

हा प्रश्न परक्यांचा नाही. गोव्यातील आणि कोकणातील मुले पिढ्यान् पिढ्या परदेशी बोटींवर सारंग, आगवाला, भंडारी, बटलर म्हणून गेली, आणि आजही सहलीच्या जहाजांवर सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर जातात. त्यांच्या पैशावर गावात घरे उठली आहेत. त्यांच्या करारात बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते घरच्यांनी कधी वाचून पाहिले आहे काय?

मायामीचा बॉयलर

त्या बारीक अक्षरांचे मोल २००३ साली कळले. २५ मे रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास ‘नॉर्वे’ सहलीवरून परतून मायामीच्या धक्क्याला लागलेले असता त्याचा एक बॉयलर फुटला. वर दोन हजारांवर प्रवासी होते, त्यांपैकी कोणाला इजा झाली नाही. खाली आठ कामगार मेले, आणि दहा-पंधराजण वाफेने भाजले.

अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाने चौकशी करून निष्कर्ष दिला की, बॉयलर चालवण्यात, त्याची निगा राखण्यात आणि तपासण्यात हयगय झाली, त्यामुळे धातू खराब होत गेला आणि अखेर तो फुटला. जे बॉयलर पाच दिवस एकसारखे पेटते राहण्यासाठी बांधले होते, त्यांना सहलीच्या वेळापत्रकात वारंवार तापवावे आणि थंड करावे लागे. असा ताण धातूला चिरा पाडतो. चाळीस वर्षे जुन्या बॉयलरवर वरवरची डागडुजी करून भागत नाही, हे आमच्या कोणत्याही गिरणीतील फिटर सांगेल. २००८ साली कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात घोर निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला, आणि तिला १० लाख डॉलर दंड झाला. जखमींना आणि मृतांच्या वारसांना भरपाई देण्याचाही हुकूम झाला.

परंतु त्यापूर्वी काय घडले ते ऐका. मृत आणि जखमी फिलिपिनो कामगारांपैकी काहींच्या वतीने फ्लॉरिडात दावे लावण्यात आले होते. अपघात फ्लॉरिडात, साक्षीदार फ्लॉरिडात, कंपनीची कचेरीही तेथेच. २००५ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला की, नोकरीच्या करारात लवादाची अट आहे, तेव्हा ही प्रकरणे फिलिपाइन्समध्ये लवादापुढे गेली पाहिजेत. कायद्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेल. आम्ही वकील नाही. पण १९७४ च्या फ्रेंच खलाशाने बंदराचे तोंड अडवले होते, आणि २००३ च्या खलाशाच्या विधवेला कोर्टाची पायरीही चढू दिली गेली नाही, एवढा फरक तीस वर्षांत पडला. तोही त्याच जहाजावर, त्याच बॉयलरखान्यात.

अलंगचा किनारा

फुटलेल्या बॉयलरचे जहाज पुन्हा ब्रेमरहाफेनला ओढत नेले. दोन वर्षे ते तेथे पडून राहिले. २००५ साली ते आशियाकडे काढले आणि मलेशियात क्लांग बंदरापाशी ठेवले. युरोपातून अॅसबेस्टॉसने भरलेले जहाज भंगारासाठी म्हणून गरीब देशात पाठवणे आंतरराष्ट्रीय करारांच्या आड येते. म्हणून ते भंगार आहे असे उघडपणे कोणी म्हणाले नाही. मलेशियात पोचल्यावर ते भंगारात विकले गेले. मध्ये लायबेरियात नोंदलेल्या एका कंपनीचे नाव आले, नवे नाव मिळाले ‘ब्ल्यू लेडी’, आणि प्रत्येक कागदागणिक मालक एक पाऊल मागे सरकत गेला. बांगलादेशाने अॅसबेस्टॉसचे कारण देऊन २००६ च्या आरंभी त्याला प्रवेश नाकारला.

त्याच सुमारास फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही जुनी विमानवाहू युद्धनौका मोडण्यासाठी अलंगकडे निघाली होती. तिच्यातही अॅसबेस्टॉस होते. दोन्ही देशांत ओरड झाली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तिला परत बोलावले. हे राष्ट्राध्यक्ष म्हणजे तेच शिराक, जे १९७४ साली पंतप्रधान होते. युद्धनौका सरकारची होती, म्हणून तिला परत बोलावणारा कोणीतरी होता. आमच्या जहाजाला परत बोलावणारा कोणी उरला नव्हता.

आपल्या देशात ह्या जहाजाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. अलंगच्या आसपासच्या गावांच्या सरपंचांनीही पुढे हरकत घेतली. जून २००६ मध्ये, पावसाळा तोंडावर आहे आणि जहाजावर माणसे आहेत, म्हणून न्यायालयाने माणुसकीच्या दृष्टीने नांगर टाकण्यास परवानगी दिली. १५ ऑगस्ट २००६ रोजी, आपण सर्व झेंडावंदन करीत होतो त्या दिवशी, ते अलंगच्या वाळूवर चढवण्यात आले. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने ते मोडण्यास अनुमती दिली. ह्या जहाजामुळे ७०० कामगारांना रोजगार मिळेल आणि ४१,००० टन पोलाद हाती येईल, असे न्यायालयाने नमूद केले. जहाजात अॅसबेस्टॉसयुक्त माल सुमारे १,२४० टन होता. एका पारड्यात सातशे माणसांचा रोजगार आणि दुसऱ्यात सातशे माणसांचे श्वास, आणि दोन्ही पारड्यांत माणसे तीच.

अलंग भावनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचे पाणी दहा मीटरांपर्यंत चढते-उतरते. मोठ्या भरतीला जहाज पूर्ण वेगाने किंवा ओढून किनाऱ्यावर चढवायचे, आणि ओहोटी लागली की ते कोरड्या चिखलात उभे राहते. क्रेन नको, कोरडी गोदी नको, सगळे काम निसर्गाने करून दिलेले. १९८३ पासून हा धंदा तेथे वाढला. त्यापूर्वी आपल्या मुंबईत, रे रोडच्या दारुखान्यात, जहाजे मोडली जात, आणि लहान प्रमाणावर पुढेही जात राहिली. दारुखान्यातील माणसे संघटित करण्याचे काम मुंबईच्या गोदी-कामगारांनी हाती घेतले, आणि तेथूनच ते अलंगपर्यंत पोचले. ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश येथून आलेला मजूर, मुकादमाच्या हाताखाली, रस्त्यापलीकडच्या खोपट्यात राहणारा, हंगाम संपला की गावी जाणारा. त्याची संघटना बांधणे म्हणजे वाळूची भिंत बांधण्यासारखे आहे. तरी ज्यांनी ती बांधली त्यांचे उपकार मानले पाहिजेत.

जहाज मोडणे हा वाईट धंदा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. खिळ्यापासून पंख्यापर्यंत काहीही वाया जात नाही. पत्रे रोलिंग मिलमध्ये जाऊन त्यांच्या सळया होतात आणि इमारतींत बसतात. खुर्च्या, भांडी, आरसे, पलंग रस्त्याकाठच्या दुकानांत विकले जातात. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात. हा धंदा बंद करा म्हणणाऱ्याने त्या चुलींचे काय करावयाचे तेही सांगावे. आमचे म्हणणे एवढेच की, जे काम सँ-नाझेरमध्ये रोगाचे मूळ ठरले, ज्यासाठी फ्रान्सने कायद्याने बंदी घातली, तेच काम वाळूवर उभ्या असलेल्या माणसाने करावे आणि त्याच्या फुप्फुसाची नोंद कोणी ठेवू नये, हे चालणार नाही.

नोंदीची गोष्ट आम्ही कल्पनेने सांगत नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानेच अॅसबेस्टॉसच्या धंद्यातील कामगारांविषयी निकाल दिला आहे. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद तो कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षे, ह्यांपैकी जे उशिरा असेल तोपर्यंत ठेवली पाहिजे, असा त्यात आदेश आहे. का? कारण रोग उशिरा दिसतो. आता ‘ब्ल्यू लेडी’च्या भिंती ज्याने २००८ साली फोडल्या, त्या तरुणाचा हिशेब करा. तो वीस वर्षांचा असेल तर ही नोंद २०४८ पर्यंत कोणीतरी जपली पाहिजे. कोणी? ज्या मुकादमाने त्याला आणले त्याने? लायबेरियातील ज्या कंपनीचे नाव कागदावर दोन-चार महिने होते तिने? आपला मालक कोण हे ज्याला जन्मात कळले नाही, त्याने खोकला सुरू झाल्यावर कोणाच्या दारात जावे?

काय करावे

काही झालेच नाही असे नाही. जहाजावरच्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २००६ साली एक करार केला, तो २०१३ पासून अमलात आहे, आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. जहाज मोडण्याविषयी २००९ साली हाँगकाँगमध्ये एक करार झाला, आणि तो जून २०२५ मध्ये अमलात आला. आपल्या संसदेने २०१९ साली जहाज-पुनर्वापराचा कायदा केला. आता जहाजात कोणते विषारी पदार्थ कोठे आहेत ह्याची यादी जहाजाबरोबर असावी लागते. अलंगच्या पुष्कळ आवारांत पक्क्या फरशा आणि क्रेन आल्या आहेत. हे सगळे ‘ब्ल्यू लेडी’सारख्या प्रकरणांच्या गाजावाजातून आले आहे. गाजावाजा करणाऱ्यांना जे लोक उपद्रवी म्हणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण कायदा पुस्तकात असतो आणि धूळ हवेत असते. दोहोंची गाठ घालून देणारा मनुष्य लागतो. आमच्या मते दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. पहिली, अॅसबेस्टॉसजवळ काम केलेल्या प्रत्येक मजुराला, तो कंत्राटी असो की हंगामी, त्याच्या नावाचा प्रकृतीचा दाखला हातात मिळावा, आणि त्याची प्रत सरकारी दप्तरात राहावी. मालक बदलला, कंपनी बुडाली, तरी दप्तर बुडू नये. दुसरी, आपल्या घरातून जो मुलगा किंवा मुलगी जहाजावर जाईल, त्याच्या करारात भांडण कोणत्या देशात आणि कोणापुढे सुटणार ते सहीपूर्वी वाचून घ्यावे. वाचता आले नाही तर खलाशांच्या संघटनेकडे न्यावे. त्यासाठी फी लागत नाही. ह्या दोन्ही मागण्या लहान आहेत आणि त्यांत क्रांती नाही. पण ह्या एवढ्यावर कितीतरी घरांचे भवितव्य अवलंबून आहे.

जहाजाचे पुढचे टोक मोडताना कापून वेगळे ठेवले होते. २००९ साली पॅरिसमध्ये जहाजातील वस्तूंचा लिलाव झाला, त्यात ते टोक दोन लाख सत्तर हजारांवर युरोंना गेले. पुढे ते ल हाव्र बंदरात उभे करण्यात आले, आणि लोक तेथे जाऊन ते पाहतात. देशाला आपल्या जहाजाची आठवण असावी, ही चांगली गोष्ट आहे. ज्यांनी ते अलंगच्या ओहोटीत गॅसच्या ज्योतीने कापले, त्यांचीही एक यादी असावी, एवढेच आमचे मागणे आहे. ती यादी पाहायला कोणी येणार नाही. पण वीस वर्षांनी त्यांतल्या एखाद्याला धाप लागली, तर डॉक्टरला ती उघडून पाहता येईल.